पाणी आटेपर्यंत थांबायचं

क्रीम सॉसमधली मशरूम रॅव्हिओली, म्हणजे दोन पातळ पाऱ्यांमध्ये सारण भरून शिजवलेला इटालियन पास्ता, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर क्रीम येतं, चीज येतं, वरून भुरभुरलेली मिरपूड येते. मला पाणी दिसतं. घरी हा पदार्थ करायला लागल्यावर हळूहळू लक्षात येत गेलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण ह्यात पाण्याचंच काम करत असतो. पिठात ते किती जायला हवं ते बघायचं, मशरूममधलं सगळं बाहेर काढायचं, रिकोटा ह्या मऊ ताज्या चीजमधलं निथळवायचं, क्रीममधलं थोडं आटवायचं, आणि एवढं सगळं झाल्यावर रॅव्हिओली ज्या पाण्यात शिजल्या त्यातलंच पळीभर पुन्हा सॉसमध्ये ओतायचं. हे एकदा डोक्यात बसलं की रेसिपी पाठ करावी लागत नाही आणि प्रमाणं थोडी इकडेतिकडे झाली तरी घाबरायला होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबेल.

रॅव्हिओली विकतही मिळते आणि अडीअडचणीला ती वाईट नसते. पण पाकिटामागची घटकांची यादी वाचली तर सारणात बऱ्याचदा ब्रेडचा चुरा, बटाट्याचे फ्लेक्स नाहीतर स्टार्च सापडतं. ते तिथे असतं तेही पाण्यामुळेच. मशरूम पूर्ण आटवायला वेळ लागतो, गॅस लागतो, वजन घटतं, त्यापेक्षा सुटलेलं पाणी कशाततरी शोषून घेतलं की काम भागतं. रॅव्हिओली फुटत नाही हे खरं, पण ते पाणी आपल्या फिक्या चवीसकट आतच राहतं. घरी आपल्याला वजनाचा हिशोब ठेवायचा नसतो. अर्धा किलो मशरूमचं जेमतेम वाटीभर सारण झालं तरी चालतं, आणि ते वाटीभर जे लागतं ना, त्यासाठीच हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

मी सुरुवात मशरूमपासून करतो, पिठापासून नाही. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरता येत नाही, गरम सारणाच्या वाफेने पारी आतून ओली होते, त्यामुळे आधी सारण करून गार व्हायला ठेवायचं आणि मग निवांत पीठ मळायचं.

तर मशरूम. ताज्या मशरूममध्ये साधारण ९० टक्के पाणी असतं, म्हणजे ५०० ग्रॅम आणले तर त्यातलं ४५० ग्रॅमच्या आसपास पाणीच. चव आणि वास देणारं जे काही आहे ते उरलेल्या ५० ग्रॅममध्ये. हा आकडा मला कळला तेव्हापासून मशरूम परतण्याकडे बघायची माझी नजरच बदलली, आपण तिथे काही शिजवत नाही आहोत, पाण्यात विरघळून पसरलेली चव गोळा करतो आहोत असं वाटायला लागलं. आणि हो, मशरूम धुवायचे नाहीत, नुसते पुसायचे, नाहीतर ते पाणी पितात, हे जे सगळीकडे सांगतात त्याची फार काळजी करू नका. पटकन धुऊन लगेच निथळले तर ते जे पाणी घेतात ते अगदी नगण्य असतं, वजन करून बघा हवं तर. तासभर पाण्यात बुडवून ठेवू नका इतकंच. तसंही आतलं एवढं पाणी काढायचंच आहे, त्यात चमचाभर वाढलं तर मिनिटभर जास्त परतायचं. माती मात्र दाताखाली आली की सगळा आनंद जातो, म्हणून मी धुतोच.

कुठले मशरूम घ्यायचे? पांढरे बटन, तपकिरी क्रेमिनी आणि ते मोठे छत्रीसारखे पोर्टोबेलो, हे तिन्ही एकाच जातीचे आहेत, अॅगॅरिकस बायस्पोरस. क्रेमिनी म्हणजे तपकिरी वाण कोवळा असताना काढलेला, पोर्टोबेलो म्हणजे तोच पूर्ण वाढू दिलेला. पांढरा रंग तर अगदी अलीकडचा, १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तपकिरी मशरूमच्या वाफ्यात आपोआप उगवलेल्या पांढऱ्या प्रकारापासून तो वाढवला गेला आणि लोकांना तो स्वच्छ दिसतो म्हणून आवडून गेला. चवीला मला तपकिरी जास्त आवडतात, पण पांढरे असले तरी बिघडत नाही, थोडे वेगवेगळे एकत्र केले तर उत्तमच.

चिरताना सुरीनेच बारीक चिरायचे. मिक्सरमध्ये फिरवले तर पेस्ट होते, सगळ्या पेशी एकदम फुटतात आणि लगदा पॅनमध्ये पडल्यापडल्या उकळायला लागतो, परतला जातच नाही. बारीक चिरलेले मशरूम आणि कांदा लोण्यात कोरडं होईपर्यंत परतायची ही पद्धत फ्रेंच स्वयंपाकात ड्युक्सेल म्हणून ओळखली जाते, सतराव्या शतकातल्या मार्की द'उक्सेल नावाच्या सरदाराच्या नावावरून, ला व्हारेन हा नावाजलेला शेफ त्याच्याच पदरी होता. एवढी जुनी गोष्ट आहे, आणि तरी तिच्यात आजवर कुणाला काही कमी करता आलेलं नाही.

आता परतणं. पॅन जेवढा पसरट तेवढा बरा, कारण वाफेला बाहेर पडायला जागा हवी. मोठी आच, पॅन तापलेला, सुरुवातीला तेल-लोणी काहीच नाही, नुसते मशरूम आणि चिमूटभर मीठ. मीठ आधीच घालायचं, ते पाणी बाहेर ओढतं आणि आपल्याला तेच हवं आहे. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम पाणी सुटायला लागतं, इतकं की पॅनमध्ये तळं होतं, आणि बरेच जण इथेच हबकतात आणि आच कमी करतात नाहीतर ते पाणी ओतून देतात. ओतू नका, त्यात सगळी चव आहे. ते आटू द्या. जोवर पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, उष्णता सगळी वाफ करण्यातच खर्च होते, आणि ज्या तांबूस खमंगपणासाठी आपण परततोय ती मेलार्ड प्रक्रिया जोर धरते १४० अंशांच्या आसपास. म्हणजे पाणी असेपर्यंत तुम्ही कितीही ढवळलं तरी मशरूम तांबूस होणार नाहीत, हे त्यांच्या हातात नाही आणि तुमच्याही नाही.

ह्या टप्प्यावर मी कानाने स्वयंपाक करतो. पाणी भरपूर असताना आवाज खदखदण्याचा असतो, जाड, खालच्या सुरातला. मग हळूहळू तो बारीक होत जातो, मध्येच तडतड यायला लागते, आणि एका क्षणी खदखद पूर्ण थांबून नुसती कोरडी चरचर ऐकू येते. ती ऐकू आली की लोणी, बारीक चिरलेला कांदा, लसूण, थाइमची पानं, आणि आच मध्यम. इथून पुढे पाचेक मिनिटं, रंग बदलत जातो, वास बदलत जातो, आधी जो ओल्या मातीसारखा वास होता तो भाजलेल्या दाण्यांकडे झुकायला लागतो. अर्धा किलोला सगळं मिळून २० मिनिटं सहज लागतात, कधी जास्तही. घाई करता येत नाही आणि करायची गरजही नाही, कारण मशरूम जास्त शिजून गिळगिळीत होत नाहीत. भाज्यांच्या पेशी पेक्टिनने जोडलेल्या असतात, ते उष्णतेने विरघळतं आणि भाजी मऊ पडते. मशरूमच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्या-झिंग्यांच्या कवचात असतं ना तेच, आणि त्याला उकळत्या पाण्याचं काही वाटत नाही. अर्धा तास परतले तरी दाताला चावा लागतोच. इतकी सवलत देणारा जिन्नस स्वयंपाकघरात दुसरा मला आठवत नाही.

आता ह्या सारणाला खोली कुठून येते त्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त आनंद ह्याच गोष्टीचा वाटतो. मी ताज्या मशरूमबरोबर १५-२० ग्रॅम सुके मशरूम घालतोच घालतो, पोर्चिनी मिळाले तर पोर्चिनी, नाहीतर शिताके. १९०८ मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रसातून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू ह्यांच्या पलीकडची उमामी ही पाचवी चव मांडली. पुढे १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका ह्या जपानी संशोधकाने शिताकेमधलं ग्वानिलेट हे तसंच दुसरं द्रव्य ओळखलं, आणि दाखवून दिलं की ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चवीची बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. हे ग्वानिलेट ताज्या मशरूममध्ये फारसं नसतं, सुकवून, भिजवून, गरम करताना पेशी मोडतात तेव्हा ते तयार होतं. आणि ग्लुटामेट भरभरून कशात असतं, तर मुरलेल्या पार्मेजान चीजमध्ये, १०० ग्रॅममागे एक ग्रॅमच्याही वर. म्हणजे इटलीतल्या स्वयंपाकघरांनी सुके पोर्चिनी आणि पार्मेजान शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ह्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं, त्यांना फक्त जिभेने कळलं होतं. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं, शेकडो वर्षं लोकांनी नुसतं चाखून चाखून जे शोधलं त्याला प्रयोगशाळेने नंतर फक्त होकार दिला.

पोर्चिनीची अजून एक गोष्ट सांगतो. हा मशरूम शेतात लावता येत नाही, म्हणजे व्यापारी पातळीवर ते कुणालाच जमलेलं नाही, कारण तो ओक, चेस्टनट, पाइन अशा जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतो, झाड नाही तर तो नाही. त्यामुळे बाजारात येणारे सगळे पोर्चिनी जंगलातून वेचलेले. २०१४ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या संशोधकांनी दुकानातून आणलेल्या सुक्या पोर्चिनीच्या एका साध्या पाकिटातल्या तुकड्यांचा डीएनए तपासला, तर त्यात विज्ञानाला तोवर माहीतच नसलेल्या तीन जाती निघाल्या, चीनमधून आलेल्या. लोक त्या आधीपासून खात होतेच, नाव तेवढं नव्हतं. तेव्हापासून सुक्या मशरूमचं पाकीट उघडलं की मी प्रत्येक तुकडा थोडा जास्त वेळ बघतो.

सुके मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचे, हाताने उचलून पिळून घ्यायचे, आणि ते पाणी फेकायचं नाही. तळाशी बारीक रेती बसलेली असते म्हणून पातळ फडक्यातून गाळून बाजूला ठेवायचं, सॉसला लागणार आहे. पिळलेले मशरूम बारीक चिरून ताज्यांबरोबर परतायचे. ट्रफल ऑइल मात्र कृपा करून घालू नका. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये ट्रफल नसतो, प्रयोगशाळेत बनवलेला एकच एक वास असतो, आणि तो बाकी सगळ्यावर कुरघोडी करतो. वीस मिनिटं उभं राहून जे कमावलं ते दोन थेंबात झाकलं जातं, मला नाही पटत.

मिश्रण गार झालं की रिकोटा, पार्मेजान, मिरपूड आणि किंचित जायफळ. ५०० ग्रॅम मशरूमला १५० ग्रॅम रिकोटा आणि ५० ग्रॅम पार्मेजान पुरे होतं. रिकोटा आदल्या रात्री फडक्यात बांधून चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये निथळवायचा, सकाळी खालच्या भांड्यात जमलेलं पाणी बघून आश्चर्य वाटेल. शाकाहारी लोकांसाठी एक सांगायला हवं, खरा पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनतो, तो नियमच आहे त्याचा, त्यामुळे चालत नसेल तर मायक्रोबियल रेनेट (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) लिहिलेलं मुरलेलं कडक चीज घ्या, चव जवळ जाते. सारण तयार झालं की एक चमचा कागदी टिश्यूवर ठेवून पाच मिनिटं थांबा. भोवती ओलं वर्तुळ उमटलं तर अजून पाणी आहे, पुन्हा थोडं परता किंवा चीज वाढवा. नाही उमटलं तर निम्मी लढाई जिंकलात.

पार्मा गावचा सालिम्बेने नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू होता, त्याने आपल्या बखरीत १२८४ सालच्या मजकुरात लिहून ठेवलंय की सेंट क्लेअरच्या सणाला त्याने पारीशिवायची रॅव्हिओली खाल्ली. म्हणजे नुसत्या सारणाचे गोळे. सात-साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ते जेवण लिहून ठेवण्याइतकं लक्षात राहिलं ह्याचं मला फार कौतुक वाटतं, आणि सारण कसं हवं ह्याचं मापही मला त्यातच सापडतं. पारी काढून घेतली तरी जे आपल्या आकारात राहील ते खरं सारण. मग पारी त्याला आधार म्हणून नसते, सोबत म्हणून असते.

आता पीठ. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं, चार माणसांना ३०० ग्रॅम आणि तीन अंडी, इतकं सोपं प्रमाण आहे. इटलीत डबल झीरो नावाचं पीठ वापरतात, ते फार बारीक दळलेलं असतं आणि कोंडा जवळपास नसतोच, पण साध्या मैद्याने छान होतं. पाणी घालायचं नाही, पण म्हणजे पाणी नाही असं नाही, ते अंड्यातून येतं. सोललेलं अंडं साधारण ५० ग्रॅमचं, त्यात पाऊण हिस्सा पाणी, म्हणजे १०० ग्रॅम पिठाला जेमतेम ३८ ग्रॅम. ब्रेडच्या पिठात ६०-७० असतं. म्हणून हा गोळा सुरुवातीला इतका कोरडा आणि हट्टी वाटतो, भुगा भुगा राहतो, आणि हात शिवशिवतात चमचाभर पाणी घालायला. घालू नका. मळत राहा. पिठातली दोन प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन, ओलावा मिळाला की एकमेकांना धरायला लागतात आणि त्यांची जाळी बनते, पण एवढ्या कमी ओलाव्यात त्याला वेळ लागतो. आठ-दहा मिनिटं तळहाताच्या टाचेने ढकलायचं, दुमडायचं, फिरवायचं, परत ढकलायचं. सहाव्या-सातव्या मिनिटाला गोळा अचानक बदलतो, खरखरीतपणा जातो आणि हाताखाली गुळगुळीत काहीतरी यायला लागतं. हा बदल शब्दात सांगता येत नाही, हाताला कळतो आणि एकदा कळला की विसरत नाही.

मग झाकून अर्धा तास विश्रांती. हा अर्धा तास ऐच्छिक नाही. मळताना ताणलेली जाळी ह्या वेळात सैल पडते आणि ओलावा पिठाच्या प्रत्येक कणापर्यंत पोचतो, मळताना जो गोळा बोटाने दाबल्यावर लगेच उसळून वर यायचा तो आता दाबलेला तसाच राहतो. न थांबता लाटायला घेतलं तर पारी लाटली की आक्रसते, लाटली की आक्रसते, आणि आपण तिच्याशी भांडत बसतो.

अंडं चालत नसेल तर ड्युरम ह्या कडक गव्हाच्या बारीक रव्याचं पीठ आणि कोमट पाणी, १०० ग्रॅमला साधारण ५०, इटलीच्या दक्षिणेत बिनअंड्याचा पास्ता असाच करतात. लाटायला थोडा जास्त जोर लागतो आणि रंग फिकट येतो, पण दाताला फार छान लागतो. उलट इटलीच्या वायव्येकडच्या पिएमाँतेमध्ये ताजारिन नावाच्या पास्त्यात किलोमागे ३० च्या वर बलक घालतात. बलकात पाणी निम्मंच, बाकी बरीचशी चरबी, त्यामुळे तो पास्ता एकदम रेशमी. मी मधला मार्ग धरतो, तीन अंड्यांवर एक जास्तीचा बलक आणि त्यासाठी २०-२५ ग्रॅम मैदा वाढवून.

लाटायला मशीन असेल तर उत्तम, नसेल तर लाटणं आहेच. इटलीतल्या बोलोन्या शहरात स्फोलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका जवळजवळ मीटरभर लांब लाटण्याने टेबलभर मोठी पारी लाटतात, आणि तिकडे म्हणतात की पारी इतकी पातळ हवी की तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसावं. आपल्याला टेकडी नको, पारीखाली ठेवलेल्या हाताची बोटं दिसली की झालं. रॅव्हिओलीच्या कडेला दोन पाऱ्या एकावर एक येतात हे लक्षात ठेवायचं. एक पारी ठीक वाटली म्हणजे कड जाड होणार, म्हणून वाटतं त्यापेक्षा अजून एक पायरी पातळ.

भरणं हे आमच्याकडे एकट्याने होत नाही. बायको लाटते, मी चमच्याने सारणाचे छोटे ढीग ठेवत जातो, आणि मुलगी दुसरी पारी पांघरून प्रत्येक ढिगाभोवती बोटांनी दाबत हवा बाहेर काढते. हवा काढणं फार महत्त्वाचं, आत राहिलेली हवा गरम पाण्यात फुगते आणि कड उघडते. "बाबा, ह्यात हवा राहिलीये बघ," असं म्हणून ती माझे हात बाजूला करते आणि बरोबर असते. ह्या तासाभरात आमचं जे बोलणं होतं ते एरवी जेवणाच्या टेबलावर होत नाही. सगळ्यांचे डोळे पिठाकडे असतात, कुणी कुणाकडे बघत नसतं, आणि त्यामुळेच बहुतेक, शाळेतलं जे काही मनात राहिलेलं असतं ते ती कडा दाबता दाबता सहज सांगून टाकते. आम्ही मध्ये बोलत नाही, लाटत राहतो. ह्या एका कारणासाठीसुद्धा मी हा पदार्थ करत राहीन.

पारी ताजी असेल तर चिकटवायला पाण्याची गरज नसते, थोडी सुकली असेल तर बोट ओलं करून कडेला नुसतं फिरवायचं, जास्त लावलं तर कड चिकट होते आणि सरकते. कापून झाल्या की रवा भुरभुरलेल्या ताटात सुट्ट्या सुट्ट्या ठेवायच्या, एकावर एक कधीच नाही. आणि तासाभरात शिजवायच्या, कारण कितीही कोरडं सारण असलं तरी ओलावा हळूहळू खाली उतरतोच आणि तळची पारी मऊ पडते. मध्ये एकदा उलटवून ठेवल्या तर बरं.

शिजवायला मोठं पातेलं, इटालियन हिशोब १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे, सारण आणि सॉस दोन्ही खारट असल्याने मी मीठ थोडं कमी करतो. खळखळ उकळी नको. रॅव्हिओली सोडल्या की आच उतरवून पाणी नुसतं हलत राहील इतकंच ठेवायचं, धसमुसळ्या उकळीत त्या एकमेकींवर आपटतात. वर तरंगल्या म्हणजे शिजल्या असं म्हणतात, त्यावर पूर्ण विसंबू नका, आतली हवा आणि वाफ फुगली की त्या तरंगतात, कड कच्ची असली तरी. कडेचा एक तुकडा तोडून चावून बघा, तेच खरं. साधारण तीन-चार मिनिटं.

सॉस ह्याच्या आधी तयार हवा, कारण रॅव्हिओली सॉसची वाट बघू शकत नाहीत. इटलीत मशरूम रॅव्हिओलीला बरेचदा लोणी आणि सेजच्या पानांपलीकडे काही लावत नाहीत, आणि क्रीम घालणं म्हणजे परदेशी खूळ असं मानणारेही आहेत, पण १९८० च्या दशकात तिकडेही क्रीमच्या पास्त्यांची मोठी लाट येऊन गेली. मला क्रीम आवडतं, ते मशरूमचा वास धरून ठेवतं, चरबीत विरघळणारे सुगंध तोंडात हळूहळू सुटत राहतात. फक्त ते जाड नको. लोण्यात थोडे मशरूमचे काप तांबूस परतायचे, त्यात ते गाळून ठेवलेलं पाणी ओतून जवळजवळ आटवायचं, मग २५० मिलिलीटर क्रीम. क्रीम ३५ टक्के चरबीचं असेल तर बिनधास्त उकळा, त्यात प्रथिनं कमी आणि चरबी जास्त असल्याने ते फाटत नाही. २० टक्क्यांच्या आसपासचं असेल तर मंद आचेवर, नुसतं गरम, आणि लिंबू किंवा वाइन घालायची असली तर आधी आटवून घ्यायची. चमच्याच्या पाठीवर पातळ थर बसला की गॅस बंद. पार्मेजान गॅस बंद केल्यावरच, कडक उष्णतेत त्याची प्रथिनं आवळतात आणि तार येते, गुठळ्या होतात.

आणि मग रॅव्हिओली झाऱ्याने उचलून थेट सॉसमध्ये, चाळणीत ओतायच्या नाहीत, स्वतःच्याच वजनाने फाटतात. वरून शिजवलेल्या पाण्याची एक पळी. हे पाणी आतापर्यंत गढूळ झालेलं असतं, पारीवरचं पीठ त्यात उतरलेलं असतं, आणि ते स्टार्च लोणी-क्रीमची चरबी आणि पाणी ह्यांना एकत्र बांधून ठेवतं. पॅन हलकेच गोल फिरवायचा, चमचा नको. आधी पातळ झाल्यासारखं वाटतं, मग अर्ध्या मिनिटात सॉस चकचकीत होऊन प्रत्येक रॅव्हिओलीला लपेटतो. इतका वेळ ज्याला हाकलत होतो त्यालाच शेवटी बोलावून घ्यायचं, ह्या क्षणी मला दर वेळी बरं वाटतं.

ताटल्या गरम असू द्या, क्रीमचा सॉस गार ताटलीत पटकन थिजतो. एकेकाला आठ-दहा पुरतात, दिसायला कमी वाटल्या तरी. उरलेल्या कच्च्या रॅव्हिओली ताटात सुट्ट्या ठेवून फ्रीझ करायच्या, कडक झाल्या की पिशवीत भरायच्या, आणि लागतील तेव्हा न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडायच्या, एखाद-दोन मिनिटं जास्त. बाहेर काढून ठेवल्या तर पारी ओली होऊन ताटाला चिकटते. सॉस मात्र फ्रीझ करू नका, वितळताना क्रीम फुटतं, तो दर वेळी ताजाच करा, दहा मिनिटांचं तर काम आहे.